पतसंस्थेचा जुना सर्व्हर, नवे संगणक: टर्मिनल प्रोग्राम आणि फाइल पाठवण्याचं साधन कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या तीन शाखा. मुख्य कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवर काळ्या पडद्याचं जुनं सॉफ्टवेअर चालतं आणि काउंटरवरचे संगणक टेलनेटने (दूरच्या सर्व्हरवर काम करण्याच्या जुन्या पद्धतीने) त्याला जोडलेले आहेत. विंडोज ७ ची यंत्रं जाऊन विंडोज ११ ची आली, जुन्या टर्मिनल प्रोग्रामचं (सर्व्हरचा पडदा काउंटरवर दाखवणाऱ्या प्रोग्रामचं) लायसन्स त्यांवर चालेना, म्हणून पुट्टी हा फुकट टर्मिनल प्रोग्राम टाकला. तेव्हापासून एफ-१ ते एफ-४ या कळा काम करत नाहीत, चौकटींच्या रेषांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात आणि पासबुक छापलं जात नाही. शिवाय शाखांतून संध्याकाळी फाइलझिला या फाइल पाठवण्याच्या प्रोग्रामने येणारी फाइल अधूनमधून अर्धीच वाचली जाते. पुट्टी ठेवावं की पैसे देऊन दुसरं घ्यावं, आणि फाइलझिला बदलावं का, असं विचारलं आहे.

यातली पहिली तिन्ही दुखणी प्रोग्राम बदलून जाणार नाहीत. उद्या महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी तेच प्रश्न नव्या पडद्यावर येतील. टर्मिनल प्रोग्राम म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने एक ठरावीक जातीचं यंत्र असतं: व्हीटी-१००, व्हीटी-२२०, एससीओ कन्सोल, एक्सटर्म. यातलं मूळचं व्हीटी-१०० हे डेक कंपनीने १९७८ मध्ये काढलेलं ८० स्तंभ आणि २४ ओळींचं खरंखुरं यंत्र. तुमचं सॉफ्टवेअर यांपैकी एका जातीसाठी लिहिलेलं आहे आणि आधीच्या प्रोग्राममध्ये ती जात कुणीतरी एकदा नीट बसवून दिली होती. ती नोंद जुन्या संगणकांबरोबर गेली. म्हणून आधी ती जात शोधायची आणि मग ती नीट निभावणारा प्रोग्राम घ्यायचा.

एक गोष्ट आधी तपासा. सर्व्हर लिनक्स किंवा युनिक्स असेल तर पुढचं सगळं लागू आहे. तो आयबीएमचा एएस-४०० किंवा मेनफ्रेम असेल तर तिथे ५२५० किंवा ३२७० जातीचं टर्मिनल लागतं. ते अख्खा पडदा एकदम पाठवतं. पुट्टी ते करूच शकत नाही, आणि तिथे आयबीएमचंच साधन किंवा त्या जातीचं वेगळं एम्युलेटर (टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्यावं लागतं.

आता कळा. एफ-१ ते एफ-४ बंद आणि एफ-५ पासून पुढे सुरळीत, या लक्षणावरूनच निदान होतं. पुट्टी सर्व्हरला स्वतःचं नाव ‘एक्सटर्म’ असं सांगतं. एक्सटर्मची एफ-१ कळ ‘एस्केप, ओ, पी’ हा संच पाठवेल अशी सर्व्हरची अपेक्षा असते. पण पुट्टीच्या मूळ मांडणीत तीच कळ ‘एस्केप, चौकटी कंस, ११, तरंगचिन्ह’ असा संच पाठवते. एफ-५ पासून दोघांचे संच सारखे होतात, म्हणून त्या कळा चालतात. उपाय एकच: पुट्टीच्या टर्मिनल विभागातल्या कीबोर्ड पानावर फंक्शन कळांसाठी ‘एक्सटर्म आर-६’ निवडा.

त्यानेही जमलं नाही तर अंदाजाने एकेक पर्याय फिरवत बसू नका, कळ काय पाठवते ते थेट पाहा. सर्व्हरवर लॉगिन करून सॉफ्टवेअरच्या बाहेर साध्या प्रॉम्प्टवर या, कंट्रोल-व्ही दाबा आणि लगेच एफ-१ दाबा. पाठवलेला संच पडद्यावर उमटतो. मग ‘इन्फोसीएमपी’ ही आज्ञा देऊन त्यात ‘केएफ-१’ ही नोंद शोधा. सर्व्हरची अपेक्षा तिथे लिहिलेली असते. दोन्ही जुळले की कळ चालते. एससीओ या जुन्या युनिक्सवरून लिनक्सवर आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा एससीओची मांडणी लागते. तिच्यात एफ-१ म्हणजे ‘एस्केप, चौकटी कंस, एम’. पुट्टीत ‘एससीओ’ हा पर्याय त्याच पानावर आहे. काही सॉफ्टवेअर सर्व्हरच्या नोंदी पाहतच नाहीत, कळांचे संच त्यांच्या स्वतःच्या फाइलमध्ये कोरलेले असतात. तिथे ती फाइल किंवा ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं तो माणूस, हे दोनच आधार उरतात.

बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसण्याऐवजी टोपीचं चिन्ह आणि एच उमटत असेल तर त्याच पानावर बॅकस्पेसचा पर्याय १२७ वरून कंट्रोल-एचवर किंवा उलट करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण काउंटरवरच्या माणसाला दिवसभर जाच होतो.

रेषांच्या जागी नेमकं काय दिसतं ते महत्त्वाचं. क्यू आणि एक्स या अक्षरांच्या रांगा दिसत असतील तर सर्व्हर व्हीटी-१०० पद्धतीने रेषा काढायला सांगतोय आणि पुट्टी ते मानत नाहीये. ट्रान्सलेशन पानावर यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या चालवणारी अक्षरांची संकेतपद्धत) असतानाही व्हीटी-१०० च्या रेषा काढू देणारा चौकोन आहे, त्यावर खूण करा. मात्र डोक्यावर दोन टिंबं असलेले ए आणि बारीक तीनचे आकडे दिसत असतील, तर सॉफ्टवेअर डॉसच्या काळातला सीपी-४३७ हा अक्षरसंच वापरतंय. तेव्हा त्याच पानावर वरच्या यादीत सीपी-४३७ निवडा. मात्र सीपी-४३७ निवडलेल्या सत्रात मराठी मजकूर दिसणार नाही. सॉफ्टवेअर इंग्रजी आणि फाइलींची नावं मराठी असा प्रकार असेल तर देखभालीसाठी यूटीएफ-८ चं वेगळं सत्र साठवून ठेवा.

पुट्टीत बदल केले आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत झालं, ही तक्रार फार येते. पुट्टी बदल आपोआप साठवत नाही. बदल केल्यावर सेशन पानावर परत येऊन, सत्राचं नाव निवडून ‘सेव्ह’ दाबावं लागतं. आणि ही साठवण विंडोजच्या रजिस्ट्रीत, त्या त्या विंडोज वापरकर्त्याच्या नावाखाली होते. सकाळच्या पाळीचा कारकून एका नावाने आणि दुपारचा दुसऱ्या नावाने विंडोज उघडत असेल तर दुपारच्याला काहीच दिसत नाही. एका यंत्रावर सगळं बसलं की रजिस्ट्रीतली सायमन टॅथम या नावाची शाखा निर्यात करा आणि प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक वापरकर्त्याच्या लॉगिनमध्ये ती आयात करा. टॅथम हे पुट्टीचे मूळ लेखक.

सत्र साठवण्यापूर्वी आणखी दोन बदल कराच. विंडो पानावर ‘आकार बदलल्यावर अक्षरांचा आकार बदला’ हा पर्याय घ्या. सॉफ्टवेअर ८० बाय २४ साठीच लिहिलेलं आहे, त्यामुळे खिडकी मोठी केल्यावर ओळी वाढून उपयोग नाही. अक्षरं मोठी झाली तर चाळिशी लागलेल्या माणसालाही नीट वाचता येतं. दुसरं म्हणजे पुट्टीत उजवं बटण दाबलं की कॉपी केलेला मजकूर थेट चिकटतो, त्यातल्या एंटरसकट. रकमेच्या पडद्यावर हे धोकादायक आहे. सिलेक्शन पानावर उजव्या बटणाने मेन्यू उघडेल असा विंडोज पद्धतीचा पर्याय निवडा.

पासबुकाचं छापणं हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. अशा सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर टर्मिनलला सांगतो, ‘आता पुढचं पडद्यावर नको, तुझ्याजवळच्या प्रिंटरला दे’. त्यासाठी ‘एस्केप, चौकटी कंस, ५, आय’ हा संच येतो आणि छापणं संपलं की पाचच्या जागी चार असलेला संच. पुट्टी हे ओळखतं, पण मूळ मांडणीत छपाई बंद ठेवलेली असते. टर्मिनल पानाच्या तळाशी प्रिंटर निवडायची जागा आहे, तिथे पासबुकाचा प्रिंटर नावाने निवडा.

तरीही कागद कोरा आला किंवा अक्षरं विस्कटली तर दोष प्रिंटरच्या बाजूला शोधा. पुट्टी प्रिंटरला कच्चा मजकूर पाठवतं, विंडोजची चित्ररूप छपाई मधे येत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला असा मजकूर कळतो. कार्यालयातल्या अनेक स्वस्त लेसर प्रिंटरना तो कळत नाही आणि तिथे खटपट करून उपयोग नाही. डॉट मॅट्रिक्सला ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ हा विंडोजचा ड्रायव्हर लावून पाहा. पासबुक छापून झाल्यावर नाहक बाहेर ढकललं जात असेल तर ड्रायव्हरच्या प्रगत पानावर प्रिंट प्रोसेसर उघडा. तिथे साधं ‘रॉ’ हवं, फॉर्म-फीड जोडणारं ‘रॉ’ नको. ओळींमधलं अंतर चुकत असेल तर प्रिंटरच्याच मेन्यूत भाषा ईएससी-पी आहे की आयबीएमची, ते पाहा. सॉफ्टवेअरने जी भाषा धरली आहे तीच प्रिंटरला हवी.

एवढं बसलं की पडद्यापुरता प्रश्न सुटतो आणि ‘पैसे देऊन घ्यावं का’ याचं उत्तर सोपं होतं. तुमच्या वर्णनावरून तरी नको. पुट्टीची खरी मर्यादा एकच, की त्यात हवी ती कळ हव्या त्या संचाला जोडता येत नाही. तयार मांडण्यांपैकीच एक निवडावी लागते. सॉफ्टवेअरला असं काही विचित्र हवं असेल तर तेरा टर्म घ्या. तेही फुकट आहे, आणि त्यातल्या ‘कीबोर्ड डॉट सीएनएफ’ या साध्या मजकूर फाइलमध्ये एकेक कळ स्वतः जोडता येते. सिक्युअर-सीआरटीसारखी विकतची साधनं तेव्हा परवडतात, जेव्हा पन्नास-शंभर यंत्रांची मांडणी एका जागेवरून सांभाळायची असते, किंवा लेखापरीक्षक प्रत्येक सत्राची नोंद मागतात आणि बिघडल्यावर कुणाला तरी जबाबदार धरता यायला हवं असतं. तीन शाखांना ती गरज असेलच असं नाही, पण तो निर्णय संचालक मंडळाचा.

पुट्टी कुठून उतरवलं तेही एकदा तपासा. पुट्टी डॉट ओआरजी हा पत्ता पुट्टीच्या लेखकांचा नाही. आवृत्ती ०.८१ किंवा त्यापुढची हवी. ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत पी-५२१ प्रकारच्या ईसीडीएसए किल्ल्यांच्या (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायच्या गुप्त फाइलींच्या) सह्या अशा कच्च्या होत्या, की साठेक सह्या हाती लागल्या तर खाजगी किल्ली काढता येते. एप्रिल २०२४ मध्ये ते दुरुस्त झालं. त्या प्रकारची किल्ली जुन्या आवृत्तीत वापरली असेल तर नुसतं नवं पुट्टी पुरत नाही, ती किल्ली सर्व्हरवरून काढून नवी ईडी-२५५१९ प्रकारची बनवावी लागते.

तुम्ही विचारलं नाही, पण यात सर्वांत तातडीचं काम म्हणजे टेलनेट बंद करणं. टेलनेटवर कारकुनाचा पासवर्ड आणि ठेवीदाराची माहिती उघडी जाते आणि शाखा ते मुख्य कार्यालय या वाटेवर ती कुणीही वाचू शकतं. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेने हे चालू ठेवू नये. त्याऐवजी एसएसएच हवं, तेच काम कुलूपबंद जोडणीवर करणारी पद्धत. सर्व्हर लिनक्स असल्यामुळे त्यासाठीचं ओपन-एसएसएच बसवणं अवघड नाही. पुट्टीत फक्त जोडणीचा प्रकार बदलायचा आणि पोर्ट २३ ऐवजी २२ लावायचं. कळा, रेषा, छपाई यांची मांडणी जशीच्या तशी राहते. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ) दाखवला जातो, तो सर्व्हरवर बसून काढलेल्या ठशाशी ताडून मगच स्वीकारा. पुढे कधी ‘ठसा बदलला’ असा इशारा आला आणि सर्व्हर नव्याने बसवलेला नसेल, तर काउंटरवरच्या कुणीही ‘हो’ दाबू नये, अशी सूचना लेखी द्या.

सर्व्हर इतका जुना असेल की त्यावर एसएसएच बसतच नाही, तर मुख्य कार्यालयात त्याच्याशेजारी एक छोटं लिनक्स यंत्र ठेवा. शाखेतून त्या यंत्रापर्यंत एसएसएच आणि तिथून पुढे फक्त खोलीतल्या तारेवर टेलनेट. पुट्टीच्या टनेल्स पानावर स्थानिक पोर्ट २३२३ जुन्या सर्व्हरच्या २३ ला जोडा आणि दुसरं सत्र स्वतःच्याच यंत्राच्या २३२३ वर टेलनेटने उघडा.

शाखेतून जोडणी काही मिनिटं शांत राहिली की तुटत असेल तर बहुधा मधला राउटर ती विसरतो. कनेक्शन पानावर कीपअलाइव्हचे (जोडणी जागी ठेवणाऱ्या छोट्या संदेशांचे) सेकंद शून्य असतात, ते ६० करा. तुटलेल्या सत्रामुळे सर्व्हरवर खात्याची नोंद कुलूपबंद राहते आणि दुसऱ्या काउंटरला ते खातं उघडत नाही, म्हणून याला क्षुल्लक समजू नका. सर्व्हरवर टी-मक्स हा प्रोग्राम लावून, जोडणी तुटली तरी सत्र जिवंत ठेवण्याचा सल्ला कुणी देईल. प्रशासनाच्या कामाला तो उत्तम आहे, पण काउंटरला नको, कारण छपाईचा तो संच टी-मक्समधून पलीकडे जात नाही. आणि पडदा गोठला म्हणून खिडकी बंद करण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून पाहायला शिकवा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं तरी पडदा गोठतो, आणि तो कंट्रोल-क्यूने सुटतो.

फाइलींकडे येऊ. फाइल अर्धी येण्याची कारणं तीन असू शकतात आणि आकार पाहून ती वेगळी करता येतात. शाखेतल्या आणि मुख्य कार्यालयातल्या फाइलच्या आकारातला फरक बरोबर ओळींच्या संख्येइतका असेल, तर एफटीपीच्या (फाइल पाठवण्याच्या जुन्या, उघड्या पद्धतीच्या) मजकूर प्रकाराने ओळींची टोकं बदलली आहेत. फाइलझिला मूळ मांडणीत फाइलच्या विस्तारनावावरून मजकूर की बायनरी ते ठरवतं. डीबीएफ (डेटाबेस) किंवा दाबलेल्या (झिप) फाइलचं नाव बदलून ‘टीएक्सटी’ केलं असेल तर ती हमखास बिघडते. ट्रान्सफर मेन्यूत बायनरी ठरवून टाका. आकार कमी आणि कसाही असेल तर जोडणी मधेच तुटली. तिसरं कारण मात्र सर्वांत जास्त सापडतं: नंतर पाहिलं तर आकार बरोबर असतो, तरीही मुख्य कार्यालयात आत घेताना अर्धाच मजकूर मिळालेला असतो. म्हणजे फाइल येत असतानाच तिकडच्या प्रोग्रामने ती उचलली. ‘अधूनमधून’ या तुमच्या शब्दावरून मला हेच वाटतं.

यावर उपाय म्हणजे फाइल आधी तात्पुरत्या नावाने पाठवायची आणि पूर्ण झाली की खरं नाव द्यायचं. आत घेणारा प्रोग्राम खरं नावच शोधतो, त्यामुळे अर्धी फाइल त्याला दिसतच नाही. म्हणूनच इथे मी फाइलझिलाऐवजी विनएससीपी हा फाइल पाठवण्याचा प्रोग्राम सुचवतो. एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवताना ते १०० किलोबाइटपेक्षा मोठ्या फाइलला आपोआप ‘फाइलपार्ट’ असं शेपूट लावतं आणि शेवटी नाव बदलतं. तुमच्या लहान शाखेची फाइल त्याहून छोटी असेल, म्हणून प्रेफरन्सेसमधल्या ट्रान्सफरखाली एंड्युरन्स पानावर हा पर्याय सगळ्या फाइलींसाठी लावा. सर्व्हरवरच्या त्या खात्याला नाव बदलण्याची परवानगी हवी, नाहीतर फाइल शेपटासकट पडून राहील.

एसएसएच चालू झालं की एसएफटीपी त्याच पोर्ट २२ वर मिळतं, वेगळं काही बसवावं लागत नाही आणि एफटीपीही बंद करता येतं. एफटीपीएस हा वेगळा प्रकार आहे, एफटीपीवर कुलूप चढवलेला. नावं सारखी दिसली तरी एकाचा क्लायंट दुसऱ्याच्या सर्व्हरशी बोलत नाही. फाइली पाठवण्यासाठी प्रत्येक शाखेचं वेगळं खातं आणि वेगळी किल्ली करा, म्हणजे एका शाखेचा संगणक चोरीला गेला तर तेवढीच किल्ली रद्द करता येते. त्या खात्याला फक्त एसएफटीपीची मुभा द्या आणि त्याच्या फोल्डरपुरतं बांधून टाका. बांधण्याचं ते वरचं फोल्डर रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याच्या) मालकीचं हवं आणि इतर कुणाला त्यात लिहिता येता कामा नये. नाहीतर लॉगिन होताच जोडणी तुटते आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं. शाखा लिहील ते फोल्डर त्याच्या आत वेगळं करा. काउंटरचंच खातं फाइलींना वापरू नका. त्याच्या, लॉगिन होताच चालणाऱ्या बॅश-आरसी फाइलमध्ये स्वागताची एखादी ओळ छापलेली असली तरी एसएफटीपी ‘संदेश फार लांब आहे’ अशी तक्रार करून बंद पडतं, कारण ती ओळ त्याला आकड्यांसारखी वाटते.

रोजचं पाठवणं विंडोजच्या टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) टाका. त्यासाठी विनएससीपी डॉट ईएक्सई नको, सोबतची विनएससीपी डॉट कॉम ही प्रोग्राम फाइल (संकेतस्थळ नव्हे) वापरा आणि लॉग फाइल लिहायला लावा. सर्व्हरच्या किल्लीचा ठसा स्क्रिप्टमध्येच नोंदवा. शेड्युलर वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, तुम्ही हाताने एकदा ‘हो’ म्हटलेलं त्याला माहीत नसतं, आणि मग ‘हाताने चालतं, रात्री चालत नाही’ असं होतं. ठशाच्या जागी ‘कोणताही चालेल’ असं चिन्ह टाकणारी उदाहरणं इंटरनेटवर सापडतात, ती घेऊ नका. फाइलबरोबर तिचा शा-२५६ बेरीज-आकडाही (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) पाठवा. विंडोजवर तो ‘सर्टयूटिल’ काढून देतो, लिनक्सवर ‘शा-२५६-सम’. तो जुळल्याशिवाय मुख्य कार्यालयाने फाइल आत घेऊ नये.

फाइलींना मराठी नावं देऊ नका, निदान आपोआप जाणाऱ्या फाइलींना तरी. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक टिंबाच्या ऱ ने, दुसरी साध्या र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. एका कारकुनाच्या कीबोर्डवरून आलेली फाइल सापडते, दुसऱ्याची सापडत नाही, आणि डोळ्यांना चूक कधीच दिसत नाही. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. शाखेचा क्रमांक आणि वर्ष-महिना-दिवस एवढंच नाव ठेवा. फाइलच्या आतला मराठी मजकूर टर्मिनलमध्ये विस्कटलेला दिसला तरी घाबरू नका, काना-मात्रा जोडणं पुट्टीला जमत नाही. यूटीएफ-८ समजणाऱ्या एडिटरमध्ये उघडून मगच तो बिघडला की नाही ते ठरवा.

सुरुवात मुख्य कार्यालयातल्या एकाच काउंटरपासून करा, आणि तिथे कळा, रेषा, पासबुक या क्रमाने जा. कुठे अडलं तर तीन गोष्टी कळवा: सर्व्हरवर ‘टर्म’ या चलाची किंमत काय येते, कंट्रोल-व्हीनंतर एफ-१ दाबल्यावर काय उमटतं, आणि पुट्टीच्या इव्हेंट लॉगमधल्या शेवटच्या दहा ओळी. पासवर्ड किंवा खातेदारांची नावं त्यात येणार नाहीत, एवढं पाहा.